माणशी एक ब्लूफिन

मासा मिळाला की गोष्ट एका वाक्यात संपते. गेलो, पकडला, आलो! मिळाला नाही की मात्र सांगण्यासारखं साठत जातं. आमच्या तिघांकडे तीन हिवाळ्यांचं साठलंय, आणि ऑकलंडात कुणाकडे जेवायला गेलो की पापड तळून व्हायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो टेरीचा किस्सा सांगा ना!"

तिघं म्हणजे मिलिंद, संदीप आणि मी. मिलिंद पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, राहायला ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात. पोहणं सोडून पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, पण इथे आल्यावर कुणीतरी त्याला ब्लूफिन ट्यूनाचा व्हिडिओ दाखवला आणि माणूस वाया गेला. संदीप वेंगुर्ल्याचा, शिकायला आला आणि मनुरेवात एका वेअरहाऊसचा मॅनेजर झाला. मी पूल बांधणारा इंजिनियर. पाण्यावरून जायचं तर पुलावरून, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी दर जूनमध्ये हे दोघं मला सात तास गाडीत घालून ईस्ट केपला नेतात, कारण हिवाळ्यात ब्लूफिन तिथून जातो आणि मासेमारीला माणसं भाड्याने नेणाऱ्या टेरीची बोट तिथे असते.

* * *

पहिल्या वर्षी टेरी रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, भेटला तो आमच्या बॅगा उचकतच. "किया ओरा!" हा माओरी नमस्कार झाला की लगेच, "नो बनानाज?"

आम्हाला वाटलं गंमत करतोय. बोटीवर केळं असलं की मासा लागत नाही, हे टेरीच्या आजोबांपासून चालत आलेलं आणि टेरीने प्राणापलीकडे जपलेलं. बॅगांमध्ये केळी नव्हती. तासाभराने, किनारा दिसेनासा झाल्यावर, संदीपने जॅकेटच्या खिशातून केळ्याच्या वेफर्सचं पाकीट काढलं आणि अगत्याने आधी टेरीपुढे धरलं.

टेरीने एक वेफर हातात घेतला, पाकिटावरचं चित्र पाहिलं आणि बोट वळवली.

"पण टेरी, दे आर फ्राइड!" संदीप कळवळून म्हणाला.

टेरीने थेट रॅम्प गाठला, पाकीट आमच्या गाडीच्या टपावर ठेवलं आणि पुन्हा निघाला. संध्याकाळी परत आलो तेव्हा सीगल्सनी पाकीट साफ केलं होतं. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर पोटभर मिळालं ते फक्त त्यांनाच.

* * *

नियम साधा आहे. ब्लूफिन माणशी दिवसाला एक. विकायचा नाही, कशाच्या बदल्यात द्यायचा नाही. स्वतः खा नाहीतर भेट द्या.

मिलिंदने हे दुसऱ्या वर्षी निघायच्या आधीच आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहून टाकलं. तासाभरात कुलकर्णीकाकांचा फोन. काका म्हणजे आमच्या गणपतीचे कायमचे खजिनदार.

"मिलिंद, पोटाकडचा तुकडा माझा. हापूसची पेटी आलीय, तुला अर्धी देतो."

"काका, ती अदलाबदल झाली. चालत नाही."

"बरं, मग तू मासा भेट दे. आंबे मी भेट देतो."

"दोन्ही भेटी एकाच दिवशी नकोत, काका. संशय येतो."

"मग मी आंबे आज पाठवतो."

आंबे आले. आम्ही खाल्ले. मासा अजून समुद्रात होता आणि पुढेही तिथेच राहिला. त्या वर्षी मिलिंदने काकांना गणपतीत तोंड दाखवलं नाही.

* * *

त्याच वर्षीची गोष्ट. परतलो तर रॅम्पवर फिशरीज ऑफिसर उभी. तरुण मुलगी, हसतमुख. "एनी लक?"

संदीपला युनिफॉर्म दिसला की त्याचा हात आपोआप लायसन्सकडे जातो, ही भारतात बाइक चालवल्याची सवय. इथे समुद्रात मासे धरायला लायसन्स लागत नाही, पण त्याने गाडीचं दाखवलं. मग घाबरून लायब्ररीचं कार्डही दाखवलं.

"तुमची चिली बिन बघू का?" तिने विचारलं. चिली बिन म्हणजे बर्फ भरलेली मोठी पेटी, माशासाठी नेलेली. तिने झाकण उघडलं. आत बर्फावर मिलिंदच्या बायकोने, अश्विनीने दिलेल्या मेथीच्या थेपल्यांची चळत, दह्याचा डबा आणि लोणचं.

तिने गंभीरपणे चळत पाहिली आणि विचारलं, "व्हॉट्स द डेली लिमिट ऑन दीज?"

* * *

तिसऱ्या वर्षी मासा लागला! लागला म्हणजे काय, रीळ असं किंचाळलं की मी उलटी करायचा थांबलो. मिलिंदने अर्धा तास दोर ओढला. मग एकदम झटका बसला, दोर हलका झाला, आणि वर आलं ते फक्त डोकं. बाकीचा मासा शार्कने खाल्ला होता.

मिलिंद नियमाचा पक्का. डोक्याकडे बघत म्हणाला, "टेरी, हा माझा आजचा एक धरायचा का?"

टेरीने टोपी काढली. "मेट, तुला जे बरं वाटेल ते."

संदीपने रॅम्पवर येताच आईला वेंगुर्ल्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या आईने डोकं नीट बघितलं आणि ट्यूनाचं कोकणातलं नाव घेतलं. "कुपो तो! त्यासाठी इतक्या लांब गेलंस? बांगडे गावनत नाय काय थंय?"

ते डोकं मिलिंदने चिली बिनमधून घरी आणलं. अश्विनी पक्की शाकाहारी, माहेर नारायण पेठ. मिलिंदने पहिल्याच वर्षी ब्लूफिनसाठी गॅरेजमध्ये एक भलामोठा फ्रीझर आणून ठेवला होता. तो रिकामा राहिल्यामुळे अश्विनीने त्यात खवलेला नारळ, मटार आणि मंडळाच्या पुरणपोळ्या भरल्या होत्या. सकाळी मटार काढायला गेली तर पुरणपोळ्यांवरून डोकं तिच्याकडे बघतंय!

ती किंचाळली नाही. शांतपणे झाकण लावून आत आली आणि म्हणाली, "एक हिवाळा. पुढच्या हिवाळ्यात अख्खा मासा आण, फ्रीझर तुझा. नाही आणलास तर रॉड, रीळ, बोटीवर घालायची ती लाल पँट, सगळं विकायला टाकणार."

मिलिंदने आधारासाठी मुलीकडे बघितलं. इरा आठ वर्षांची. तिने शाळेतल्या निबंधात लिहिलं होतं, "इन विंटर माय डॅड गोज टु फीड द फिश."

मिलिंद त्या दिवशी मला फोन करून म्हणाला, "रॉड गेले तर गेले रे. पण तिने खोटं लिहिलेलं नाही, हे लागलं मला."

* * *

तो शेवटचा हिवाळा उजाडला. निघायच्या आधीच्या रविवारी मिलिंदच्या घरी सत्यनारायण. पूजा अश्विनीनेच ठरवली होती! तिला रॉडही घालवायचे होते आणि नवराही हरायला नको होता. गुरुजी दूर दक्षिण बेटावरच्या रिकार्टनचे, व्हिडिओवरून पूजा सांगतात. संकल्पाच्या वेळी त्यांनी विचारलं, "काय इच्छा धरून?"

मिलिंद खालच्या आवाजात म्हणाला, "ब्लूफिन."

गुरुजी खोकले. "आपण 'इष्टकार्यसिद्धी' म्हणू या."

अश्विनीने वाटेसाठी प्रसादाच्या शिऱ्याचा डबा दिला. रॅम्पवर पोचल्यावर मिलिंदने तो उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. सत्यनारायणाचा शिरा! सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी तूप, सव्वा वाटी साखर, आणि केळी. प्रसाद, त्यामुळे टाकता येईना. टेरी यायच्या आत संपवू म्हणून आम्ही तिघांनी उभ्याउभ्या बोकाणे भरले. डबा अर्धा झाला आणि मागून टेरीचा आवाज. "व्हॉट्स दॅट?"

"रिलिजस," संदीप घास गिळत म्हणाला.

टेरीने बॅगा उचकल्या. केळी नव्हती. मग डब्यात बोट घालून चाखलं, डोळे मोठे केले, डबा काखेत मारला आणि बोटीवर चढला.

आता कुणी सांगायचं? मिलिंद पांढराफटक. सांगितलं आणि टेरीने नेलंच नाही तर दिवस गेला, आणि न सांगावं तर केळं बोटीवर. शेवटी तो टेरीच्या मागोमाग बोटीवर चढला. टेरी एका हाताने सुकाणू धरून शिरा खात होता, आणि चमच्याने डब्याचा तळ खरवडत असतानाच रीळ किंचाळलं.

दोन तास! संदीप मिलिंदला कमरेला धरून उभा, मी पाणी पाजत होतो आणि मधूनच कठड्याकडे धावत होतो. बोटीच्या कडेला तो चंदेरी, निळसर प्रचंड अंगाचा मासा आला तेव्हा आम्ही आधी शेपटी आहे का ते पाहिलं. अख्खा होता, शेपटीसकट. टेरीने आकडा घालून वर ओढला. मिलिंद डेकवर बसला, माशाच्या अंगावर हात ठेवून म्हणाला, "सॉरी हं," आणि ढसाढसा रडला.

"अजून दोघांचा एकेक शिल्लक आहे," टेरी म्हणाला.

"नको!" आम्ही दोघं ओरडलो.

मासा वाटून संपला. पोटाकडचा तुकडा काकांकडे पोचला, आंब्यांना चांगली दोन वर्षं उलटल्यावर. इराने नवा निबंध लिहिला. ठरल्याप्रमाणे फ्रीझर मिलिंदचा झाला, आणि नारळ, मटार शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये गेले.

* * *

या जूनमध्ये मिलिंदने बोट ठरवायला फोन केला. टेरी म्हणाला, "बोट आहे. पण ते पिवळं पुडिंग आणणार असाल तरच. त्याच्याशिवाय मी आता कुणालाच नेत नाही."

अश्विनीने डबा मिलिंदच्या हातात देताना सांगितलं, "या वेळी दोन केळी जास्त घातलीत."

रॅम्पवर टेरीने आधी डबा मागून घेतला. झाकण उघडून वास घेतला, एक चमचा खाल्ला आणि डबा सुकाणूजवळ नीट टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला. मग बाह्या सरसावून, नेहमीप्रमाणे, आमच्या बॅगा एकेक करून तळापर्यंत उचकल्या.

"नो बनानाज?"

"नो, टेरी!" आम्ही तिघं एका सुरात म्हणालो.