काचेवरचे तीन ठिपके

सुप्याच्या बाजारात फोटोचा स्टुडिओ दत्तूदादाचा, पण चेहरे घडायचे ते तुळजाक्काच्या हाताखाली. ती गुंद गावची, विधवा, तोंडाने फटकळ. खिडकीशी बसून ती फोटोची काच उजेडात धरायची. काचेवरची छबी सगळी उलटी, काळं ते पांढरं नि पांढरं ते काळं. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने ती देवीचे व्रण भरायची, की छापलेल्या फोटोत गाल गुळगुळीत!

एकसष्ट साली खानापूरच्या एका स्थळाला पाठवायला माझा फोटो काढला. माझ्या कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने मला मांडीवर घेऊन ते गोंदवून घेतले होते.

"त्ये ठिपकं तेवढं काढून टाका," माझे वडील म्हणाले. "पोरगी शिकल्याली दिसाय पायजे."

दत्तूदादाने मान डोलावली. मी तिथेच उभी होते, पण मला विचारतो कोण!

तुळजाक्काने विचारलं. "केशर, तुजं काय म्हणणं हाय?"

"आईनं गोंदवलंय," मी कशीबशी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे. सोनंनाणं हितंच ऱ्हातंय, गोंदण तेवढं मानसासंगं वर जातंय." तिच्याही कपाळावर तसेच ठिपके होते.

दत्तूदादा भडकला. "गुमान भर त्ये! न्हाईतर उद्यापासनं येऊ नगंस."

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पातं उचललं. काचेवरचे तिन्ही ठिपके पार तळापर्यंत खरवडले. "आता भरा तुमीच. खरवडल्या जागी पेन्सिल धरत न्हाई." पदर खोचून ती निघून गेली.

वडील म्हणाले, दुसरा फोटो काढू. मी खुर्चीवर बसलेच नाही. मलाही तोंड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी तोच फोटो गेला. काचेवर सगळं उलटं, म्हणून खरवडलेले ठिपके काजळासारखे काळेभोर उमटले होते. खानापूरहून नकार आला. मी रडले, खोटं कशाला सांगू? पण फोटो काही फाडला नाही. पुढे ज्याने माझ्याशी लग्न केलं त्या म्हादूने फोटो मागितलाच नाही. त्याने मला शेतात भात लावताना बघितलं होतं.

इकडे दत्तूदादाच्या फोटोत सगळ्यांचे व्रण दिसायला लागले आणि गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. तो स्वतः गुंदला आला, गयावया करू लागला. तुळजाक्का म्हणाली, "बाईचा फोटू आसंल तर बाईलाच इचारायचं. तिच्या बाला न्हाई, दाल्ल्याला न्हाई. हाय कबूल?"

"व्हय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

सदुसष्ट साली ती गेली. भावजयांनी तिच्या कानातलं उतरवलं, हातातली चांदी उतरवली. मी तिचं कपाळ पुसलं, चांगलं घासून पुसलं. ठिपके होते तिथेच होते.