रॉक शोला सोबत म्हणून आजी

शनिवारी पुन्हा एक रॉक शो करून आले. गंगापूर रोडला, कॉलेजच्या मैदानावर. दोन दिवस झाले, गुडघे अजून रुसलेलेच आहेत...

मी सांगतेय आणि माझी नात मृणाल टाईप करतेय. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ती मनचं काही घुसडत नाही ना, हे बघायला मधूनमधून तिलाच वाचून दाखवायला लावते.

या वयात रॉक कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. मृणाल अकरावीत होती तेव्हा तिला हे गिटारचं वेड लागलं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, सातपूरला कंपनीत. शोच्या दिवशी नेमकी त्याची सेकंड शिफ्ट. म्हणाला, "आजी सोबत येत असेल तर जा. पण तिचा हात सोडायचा नाही." झालं... तेव्हापासून नाशकात कुठंही ड्रम वाजला की मी हजर.

पहिल्या शोला मी घरून सतरंजी नेली होती. आमच्या घोटीकडं कीर्तन असो की नाटक, लवकर जायचं आणि पुढं सतरंजी टाकायची, अशी रीत. मी टाकली, अगदी स्टेजसमोर. मैदान भरायला लागलं तर सगळे उभेच! बसायचंच नाही तर माणसं येतात कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. शेवटी बिल्ला लावलेल्या एका पोरानं आम्हाला उचलून मागं जनरेटरपाशी नेऊन बसवलं. मग दर वेळी मैदान कुठलंही असो, आमची जागा जनरेटरपाशी.

हळूहळू ती काळ्या टी-शर्टातली, छातीवर कवट्या छापलेली पोरं मला ओळखायला लागली. नाचून दमली की माझ्या सतरंजीवर यायची. बूट बाहेर काढून हं! पाया पडायला वाकली की त्यांचे केस माझ्या पायांवरून झाडूसारखे फिरायचे... "आजी, चिवडा आणलाय ना?" म्हटलं, "चिवड्यासाठी पाया पडता होय रे लबाडांनो?"

गाण्यातलं मला काही कळत नाही, खोटं कशाला सांगू. पण तो मोठा ड्रम वाजला की इथं छातीत आत कुठंतरी वाजतं. ते मला आवडतं. हे माझ्या मुलाला सांगू नका, त्याला वाटतं आई बिचारी पोरीसाठी सोसते.

पण शनिवारी अंगात जीवच नव्हता. रिक्षात चढतानाच दम लागला. पोरीला पुण्यात नोकरी लागलीय, या आठवड्यात ती जाणार, आणि तिचा लाडका बँड नेमका आत्ताच आलेला... नाही कसं म्हणू?

तीन-चार गाणी झाली असतील. पाय भरून आले, कंबर धरली. म्हटलं, "चल बाई, पुरे झालं आता. घरी जाऊ."

वाटलं, तोंड फुगवेल. पण ती गुपचूप पाण्याची बाटली पिशवीत भरायला लागली. मलाच कसंतरी झालं. उगाच बोलायचं म्हणून विचारलं, "हा ड्रम बडवणारा दिसायला कसा आहे गं?"

"मला काय माहीत? इथून डोकीच दिसतात, आजी."

म्हणजे एवढी वर्षं ही पोर यायची ती नुसतं ऐकायला. एकदाही पुढं गेली नाही. जनरेटरचा धूर खात, माझा हात धरून बसायची. सोबत कोण कुणाला करत होतं, सांगा बरं.

"जा पुढं," म्हटलं.

"आणि तू?"

"मी काय पळून जातेय, या पायांनी?"

"पण बाबांनी..."

"तुझ्या बाबाला मी जन्म दिलाय, त्यानं मला नाही. जा!"

गेली. पण गर्दीपाशी जाऊन थांबली. समोर नुसत्या पाठी, भिंतीसारख्या. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं... तो चेहरा मला बघवेना. माझ्या शेजारी एक दाढीवाला पोरगा बूट चढवत होता. त्याला म्हटलं, "अरे, माझ्या नातीला पुढं पोचव की."

त्यानं जाऊन समोरच्याच्या खांद्यावर थाप मारली. "आजीची नात आहे, पुढं जाऊ दे." त्यानं त्याच्या पुढच्याला सांगितलं. जत्रेत देवापर्यंत पोचता येत नाही तेव्हा नारळ हातोहात पुढं जातो ना, मधला कुणी ठेवून घेत नाही... तशी माझी पोर पुढं गेली. आणि दिसेनाशी झाली.

मग मात्र धडधडायला लागलं. ते ड्रमचं नव्हतं. पडली तर? कुणी काही केलं तर? हे काय करून बसले मी... उठायला गेले तर पाय उचलेनात.

तेवढ्यात पुढून निरोप मागं आला, तसाच, एकाकडून दुसऱ्याकडं. दाढीवाला माझ्या कानाशी वाकून ओरडला, "आजी, पोचली! पार स्टेजसमोरच्या जाळीपाशी!"

शो संपेपर्यंत बसून राहिले. पोरगी आली ती केस सुटलेले, ओढणी कमरेला बांधलेली, आवाज पार बसलेला. रिक्षात माझ्या कानात कुजबुजली, "टक्कल आहे गं त्याला!" आणि हसता हसता रडायलाच लागली.

ज्यांनी माझी पोर पुढं नेली, त्यांची नावं मला माहीत नाहीत. तोंडंही पाहिली नाहीत, नुसत्या पाठी पाहिल्या. देव तुमचं भलं करो, लेकरांनो. पुण्याच्या गर्दीतही हिला अशीच बाजूला सरकून वाट देणारी माणसं भेटू देत.