नारळाला हात लावायचा का नाय

हुतूतूत सात जन खेळतात आन आटवा बाजूला बसतो. माजा धाकटा दीर त्यो आटवा. बाकीच्यांचे सदरे, टावेल, कुनाचं घड्याळ, समदं त्याच्या मांडीवर. कुनाचा पाय मुरगाळला नायतर कुनाला ताप भरला तरच त्याला उटवायचे. मंग चड्डी सावरत आत जायचा. खेळ संपला का परत ज्याचा त्याला सदरा वाटत फिरायचा.

मी लगीन होऊन या घरात आले तवा सासू नव्हती. दीर लहान व्हता, माज्याच हातची भाकर खाऊन वाडला. तो तसा बाजूला बसलेला दिसला का मी मान फिरवून घ्यायची. मी कदी बोलले नाय. बोलून काय व्हनार व्हतं?

खेळाला कमी नव्हता तो. पन आमच्या गावात गडी भावकीवर ठरायचे. आमचं गाव कर्जतच्या खालच्या अंगाला, खालापूरच्या शिवेवर. मोट्या भावकीचे तीन, मदल्या आळीचे दोन, खालच्या आळीचे दोन, झाले सात. आमची भावकी म्हंजे आमचं एक घर आन चुलत सासऱ्यांचं एक, तेबी कुलूप लावून मुंबईला गेलेलं. आमच्या वाट्याला जागाच नव्हती. कुनी वाकड्या मनानं करत व्हतं असं नाय. पयल्यापासनं तसं चालत आलेलं, म्हनून चालायचं.

दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं का खेळ सुरू व्हायचा. पयल्या दिशी गावदेवीम्होरं नारळ ठेवायचे. सात गडी भोवती बसायचे आन एकेक जन नारळाला हात लावायचा. हात लावला म्हंजे देवीची आन, शपतच. होळी होईस्तोवर दुसऱ्या कुनाच्या बाजूनं खेळायचं नाय. मंग नारळ फोडायचा आन खोबरं गावभर वाटायचं. वाटायला आमचा दीर.

तवा आमचं मालक जांभळीवरनं पडलेले. कंबरेतनं पाय गेला तो परत धड झालाच नाय. काटी टेकून ओटीवरनं न्हानीपरेंत जायचे, एवडंच. नांगर दिराच्या खांद्यावर आला. आन आवनीला, म्हंजे भात लावायला, गाव यायचं. आज तुमी आमच्या शेतात, उद्या आमी तुमच्या. त्याला सावड बोलतात. आमच्या घरात चिखलात वाकनारी मी एकटी, आन औत धरनारा दीर एकटा. सावडीशिवाय आमची आवनी व्हनार नाय, हे लहान लेकराला बी ठावं व्हतं.

त्या साली खालापूरकडं खेळ लागले. आमच्यातल्या एकाचं बोट निखळलं आन दीर आत गेला. आत गेला तो बाहेर आलाच नाय. मी बघाया नव्हते, पन घरी आलेली पोरं सांगत व्हती, एका चढाईत तीन जन अंगावर घेऊन रेषेला हात लावला म्हनून.

दुसऱ्या दिशी खोपोलीच्या एका कारखान्यातला मानूस घरी आला. कारखान्याची टीम त्याच्याकडं व्हती. ओटीवर बसला, चहा पिला. दिराला बोलला, "आमच्याकडनं खेळ. आदी बदलीवर काम लावतो. खेळ बरा दिसला तर कायम करायचं बघू."

मालकांनी इचारलं, "बघू म्हंजे?"

"म्हंजे बघू. देवाची आन घालून सांगनारा मी नाय."

दीर खाली मान घालून बसलेला. बोलला, "मला खेळवाल का?"

"तयार गडी हायेत आमच्याकडं. आदी बाहेर बसशील. उगीच खोटं कशाला बोलू?"

पुढच्या बाजाराच्या दिशी सांगा बोलून मानूस गेला. आन आमच्या घराची झोप उडाली.

मालकांचं म्हननं, जाऊ नको. "हितं बी बाहेर, तितं बी बाहेर. मंग हितं काय वाईट? निदान गाव तरी हातात ऱ्हाईल."

दीर बोलायचा, "दादा, तितं काम तरी हाय."

"बदलीचं काम म्हंजे काम व्हय? आज बोलावतील, उद्या गेटावरनं माघारी धाडतील. आन हितं नांगर कोन धरल, तुजी वयनी?"

मी चुलीपुढं बसून ऐकायची. भाकर करपायची तरी समजायचं नाय. जा बोलावं तर आवनी डोळ्याम्होरं यायची. ऱ्हा बोलावं तर ते मांडीवरचे सदरे आटवायचे. रातभर या कुशीवरनं त्या कुशीवर. सकाळी उटून पानी भरायचं, शेन काडायचं. कामाला काय, ते कुनासाटी थांबत नाय.

बाजाराच्या आदीच गावकीनं बोलावलं. बातमी फुटली व्हती. सांजच्याला देवळाम्होरं समदे पुरुष बसले. बायांनी तिथं जायचं नसतं. आमी देवळाच्या मागं भितीला टेकून उभ्या. शेजारीन माज्या कानाशी बोलली, "तुजा दीर आता सायबांच्या टीममदी जानार. उद्या आमाला वळक तरी दील का गं?"

मी बोलले, "जायाचं नक्की होऊ दे. मंग इचार."

म्होरनं आवाज आला. गावकीतले थोरले व्हते, त्यांना समदा गाव काका बोलायचा. ते बोलले, "काय रं, देवीची आन हाय आन होळीच्या आदीच कारखान्याकडनं खेळाया निघालास? आन मोडनाऱ्याच्या पाटी गाव उभं ऱ्हात नाय. ठावं हाय ना?"

गाव पाटीशी नाय म्हंजे काय ते मला बरोबर समजत व्हतं. सावड नाय. इस्तव मागायला गेलं तरी दार लोटून घेनार.

तवड्यात मालकांची काटी आपटल्याचा आवाज आला. दिराच्या खांद्यावर हात ठेवून तेबी गेलेले. घरी जाऊ नको, जाऊ नको करनारे मालक. बोलले, "काका, एक इचारतो. यानं नारळाला हात कवा लावला?"

मालकच म्होरं बोलले, "हात सात जनांनी लावला. याला कुनी बोलावलं का? मंग आन कुनाची मोडली?"

टीमचा म्होरक्या व्हता, काकांचाच पुतन्या. तो बोलला, "अरं पन खोबरं तर खाल्लं ना यानं?" पोरं हसली.

मालक बोलले, "खोबरं तर देवळातल्या कुत्र्यानं बी खाल्लं. तेबी बांधलं गेलं का?"

आता समदेच हसले. भितीमागं आमच्यातल्या बायाबी पदर तोंडात घालून हसल्या. मला हसू आलं नाय. हसनाऱ्या गावाचं काय खरं नसतं, पुढच्या घडीला काय करल.

काका हसले नव्हते. ते बोलले, "बरं. चूक झाली गावाची. आज लाव हात. गुरवा, नारळ आन. आजपासनं तू सातांत."

मी मनात बोलले, लाव रं बाबा. लाव आन सुटू दे. जागा बी मिळाली, गाव बी ऱ्हायलं, आवनी बी झाली. अजून काय पायजे मानसाला? शेजारनीनं माजा हात घट दाबला. देवळाच्या कोपऱ्यावरनं मी डोकं काडून बघितलं. बाईनं बघायचं नसतं, पन मी बघितलं. गुरवानं नारळ आनून ठेवलेला. दीर त्याच्याम्होरं गुडघ्यावर बसलेला. हात उचललाबी व्हता त्यानं.

हात तसाच ठेवून बोलला, "काका, सातांतनं उटनार कोन?"

काका बोलले, "ते मागनं ठरवू."

"आता ठरवा ना."

"येवडी घाई कशाला रं? देवीम्होरं बसलायस, शब्द हाय आमचा."

दिरानं एकेकाकडं बघितलं. मोट्या भावकीच्या तिघांनी माना खाली घातल्या. मदल्या आळीचा एक जन कान खाजवाया लागला. म्होरक्या आबाळाकडं बघत व्हता. उटतो म्हनून कोन बोलंना. आन उट म्हनून कोन कुनाला बोलंना.

दिरानं हात मागं घेतला. "मंग ऱ्हाऊ द्या. नारळ देवीला ठेवा."

काका बोलले, "जा. आमी अडवत नाय. पन जानाऱ्यानं मागं वळून गावाकडं बघायचं नाय."

वाटेत मी दिराला बोलले. "तितं बी बाहेरच बसवनार ना रं तुला?"

"व्हय."

"मंग?"

"वयनी, तितं माजा खेळ बघून बसवतील. हितं माजं घर बघून बसवतात."

माज्या डोक्यात एकच. आवनीला कोन येनार?

मालकांची सायकल पडवीत गंजत पडलेली. तिला तेल घालून दीर खोपोलीला जाऊ लागला. कदी काम मिळायचं, कदी गेटावरनं माघारी. सुट्टीच्या दिशी खेळाया न्यायचे. आला का मी आदी त्याच्या गुडघ्यांकडं बघायची. माती दिसली तर खेळला, निर्मळ दिसले तर बसून आला. निर्मळच असायचे. इचारायची सोय नव्हती. त्याला समजायचं मी बघते ते, तो पाय धोतराखाली घ्यायचा.

आवनी आली. गावानं नाय असं तोंडानं कोन बोललं नाय. ज्याच्या दारात गेले तो बोलला, "येतो की. आमचं उरकलं का येतो." त्यांचं उरकायचं, आन मंग दुसऱ्याचं असायचं. आमच्या राबातली, म्हंजे रोपांच्या वाफ्यातली, रोपं वाडून वाडून गाट धराया लागली. एकदा का रोपानं गाट धरली, मंग लावून बी काय उपेग नाय. सकाळी उटून आदी राबाकडं बघायची मी. कळंबला माज्या भावाला सांगावा धाडला. तो आन भावजय आले. त्यांची सोताची आवनी अर्धी टाकून आले. मालक चिखलात बसून, बूड घासत घासत रोपं उपटायचे आन जुड्या बांधायचे. कंबर दुकायची, पन बोलले नाय कदी. दीर रातपाळी करून यायचा तो तसाच औताला.

एका दुपारी कोनतरी माज्या बाजूला येऊन वाकलं. बघते तर शेजारीन. मी बोलले, "गं, गावानं बघितलं तर?"

"बघितलं तर बोलंन मजुरीनं आले. तू गप लाव."

तरी खालचं शेत ऱ्हायलंच. रोपं पिवळी पडली, गुरांना घातली. त्या साली घरात भात कमी आलं. ते वर्स नाचनीवर काडलं. माजी बारकी पोरं भात मागायची तवा मी सांगायची, सनाला देईन.

दिराला मी कदी इचारलं नाय, बरं केलंस का वाईट. मालक कदी कदी बोलायचे, "नारळाला हात लावला असता तर बरं झालं असतं." दीर ऐकून घ्यायचा. एकदा बोलला, "दादा, त्या दिशी कुत्र्याचं तूच बोललास ना?" मालक बोलले, "मी नारळापुरतं बोललो. जाया नव्हतं सांगितलं." दोगंबी हसले. मला मात्र रातभर तेच. चुकलं का? चुकलं असलं तर कुनाचं?

दिवाळी झाली, परत खेळ सुरू झाले. गावात नारळ ठेवला, सातांनी हात लावला, तेच सात. दीर खोपोलीला बाहेर बसत व्हता. पौस म्हैना गेला, माघ आला. आता मला वाटाया लागलं का हे असंच ऱ्हानार. गाव गेलं, शेत गेलं, आन पोरगं तितंबी सदरेच राखतं.

एका सांजेला तो आला तो लंगडत. व्हट सुजलेला, कानाखाली खरचटलेलं. माज्या हातातलं पातेलं खाली ठेवलं मी.

"भांडलास कुनाशी?"

"नाय. खेळलो. कर्जतला व्हती म्याच."

"कुनाला ताप आलेला?"

"कुनाला नाय. समदे धड व्हते."

"मंग तुला कसं घेतलं?"

"घेतलं. पयल्यापासनं."

"आन मंग? मदी उटवलं?"

"नाय वयनी. शेवटपरेंत व्हतो."

आतून मालकांनी आवाज दिला, "जिंकलात का?"

"हरलो दादा."

"मंग येवडा दात काडतोयस कशाला?"

त्यानं हातपाय धुतले आन पाटावर येऊन बसला. सुजल्या व्हटानं त्याला नाचनीची भाकर चावंना. कायम व्हायला त्याला पुढं लई येळ लागला, आन काकांच्या घरानं आमच्याशी बोलाया त्याहून जास्ती. ते काय त्या सांजेला मला ठावं नव्हतं. मी सनासाटी ठेवलेलं तांदूळ काडलं आन भात टाकला. पोरं ताटं घेऊन आलीच म्हागनं. मंग समद्यांनाच वाडला.