डब्यातलं घड्याळ

भूकंपात गावाकडचं घर गेलं आणि मी लातूरला आले. पुढे क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर झाले. आमच्याकडे येता-जाता अंगठा लावायचा, नोंद कॉम्प्युटरमध्ये. आठनंतर कुणी आली, की दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांना आपोआप मेसेज. ‘यंत्र खोटं बोलत नाही,’ असं क्लास चालवणाऱ्या सरांनी माहितीपत्रकावरच छापलं होतं.

व्हायरसला कंटाळून सरांनी त्याच कॉम्प्युटरमध्ये दुसरी, फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीमही टाकून घेतली. कॉम्प्युटर लावला, की दोन्हींपैकी एक सुरू व्हायची. हजेरीचा प्रोग्राम दोन्हींवर चाले. कॉम्प्युटर बंद असला तरी आतलं घड्याळ सेलवर चालू असतं. त्यात नुसते आकडे. ते कुठल्या देशाचे, हे त्यात लिहिलेलं नसतं. जुनी सिस्टीम ते आपल्याच वेळेचे धरायची. नवी ते जागतिक वेळेचे धरून वर भारताचे साडेपाच तास चढवायची. हे आम्हाला नंतर कळलं.

एका रविवारी वीज जाऊन आली आणि कॉम्प्युटर नव्या सिस्टीमवर सुरू झाला. बाकीच्या मुली आधीच परतल्या होत्या. देगलूरकडची एक मुलगी सरांना गणितातली शंका विचारायला मागे थांबली होती. बारावीसाठी लातूरला आलेली तिच्या गावातली ती पहिलीच. पावणेसहाला तिनं माझ्यासमोर अंगठा लावला. नोंद झाली रात्री सव्वाअकराची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील हजर.

“मॅडम, सव्वाअकराला पोरगी कुठं होती?”

मी त्यांच्यासमोर कॉम्प्युटर दोनदा सुरू केला, आधी जुन्या सिस्टीमवर, मग नव्या. एकदा दुपारचे दोन दाखवले, एकदा संध्याकाळचे साडेसात. बाहेर ऊन रणरणत होतं. माणूस शहाणा, लगेच समजला.

“हाव, कळलं. पण मेसेज आला माझ्या भावाच्या मोबाईलवर. त्यानं पारावर वाचून दाखविला. आता हा डबा डोक्यावर घेऊन गावभर फिरू काय?”

“मी येते गावात. मी सांगते.”

“तुम्ही पगारी माणूस. तुमचं कोण ऐकंल?”

दारातून मुलगी म्हणाली, “आप्पा, मशीनला विचारलं, मॅडमला विचारलं. मला न्हाई विचारलं.”

“तू सामान भर.”

तिनं भरलं.

सरांनी मेकॅनिक बोलावला. आतले आकडे आपल्याच वेळेचे आहेत, हे नव्या सिस्टीमला एका ओळीत सांगता येत होतं. चहा गार व्हायच्या आत त्यानं ती ओळ टाकली. मुलीची कॉट त्याच आठवड्यात भरली. माहितीपत्रकावरचं वाक्य पुढच्या वर्षीही तसंच होतं.

तिच्या गावातून मात्र पुन्हा एकही मुलगी आली नाही.