दगडावरचं नाव

परवा मूर्तिजापूरच्या माझ्या दवाखान्यात लाइट गेली. नर्सने मेणबत्ती लावली आणि त्या वासासरशी मला आर्मेनियातलं ते डोंगरातलं खेडं आठवलं. मी तिकडे डॉक्टरकी शिकत होतो. अकोल्याचा निलेश आणि मी त्या गावचं जुनं चर्च पाहायला गेलो होतो. आत गारवा होता, मेणाचा वास होता आणि भिंतीशी क्रूस कोरलेले शेकडो वर्षांचे दगड उभे होते. निलेशने खिशातून किल्ली काढली आणि एका दगडावर स्वतःचं नाव कोरलं.

माझं डोकंच फिरलं. “काहून करून राहिला बे हे?”

“दगडच त आहे. इथं कोन वाचते मराठी?”

तेवढ्यात चर्च सांभाळणारी म्हातारी आली. अक्षरांवरून बोट फिरवत तिने मला विचारलं, हे काय लिहिलंय? भांडण नको म्हणून मी तिकडे शिकलेल्या आर्मेनियनमध्ये सांगितलं, “प्रार्थना आहे, आजी.” तिने वाकून त्या नावावर ओठ टेकवले.

बाहेर आल्यावर निलेश पोट धरून हसला. मीही हसलो.

इतकी वर्षं मी त्यालाच शिव्या देत आलो. परवा मात्र स्वतःचाच असा संताप आला की समोरचा पेशंट काय सांगतोय ते ऐकूच येईना. त्या बाईला फसवलं ते मी, आणि तेही तिच्याच भाषेत.