पाठ असलेला नंबर

आठ वर्षं मी रोज सकाळी थोरल्या भावासाठी प्रार्थना करत होतो, आणि आठ वर्षं काहीच घडत नव्हतं. ‘प्रभू, दादाला सद्बुद्धी दे, त्याची चूक त्याला कळू दे,’ एवढंच माझं मागणं. आई शेवटची आजारी पडली तेव्हा दादाकडे पुसदला होती. त्याने मला उशिरा कळवलं. मी पोचलो तेव्हा ती गेली होती. दफनाच्या वेळी, चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर, मी त्याला नको ते बोललो. त्यानंतर आमचं बोलणं तुटलं. पुढेपुढे मला शंका येऊ लागली, की देव ऐकतो तरी का?

गेल्या उन्हाळ्यात, मी शिकवतो त्या फुलसावंगीच्या शाळेतून मोटारसायकलवर घरी निघालो होतो. वळणावर गाडी घसरली. पाय गाडीखाली आला आणि मोबाइलचा चुरा झाला. दुपारची वेळ, रस्ता ओस. जवळच्या शेतातून तांड्यावरची एक बाई धावत आली. तिने एकटीने गाडी उचलून बाजूला केली आणि मला ओढत कडुनिंबाखाली नेलं.

“उठू नोका भाऊ, पाय मोडला दिसते. घरी कोनाले फोन लावू? नंबर सांगा.”

बायकोचा नंबर आठवेना, मुलीचाही नाही. सगळे त्या फुटलेल्या मोबाइलमध्ये. पाठ होता तो एकच, दादाचा. आई त्याच्याकडे राहायची, म्हणून दर रविवारी उपासनेनंतर मी तोच फिरवायचो. तो सांगावा की नाही, असा विचार करत मी तिच्या हातातल्या फोनकडे बघत राहिलो. ती म्हणाली, “काहून थांबले? सांगा ना!” मी एकेक आकडा सांगितला.

पलीकडून दादाचा आवाज आला आणि मी फोन तिच्याच हातात परत दिला. तिनेच सगळं सांगितलं. दादाने एवढंच विचारलं, “शुद्धीवर आहे ना तो?”

तासाभरात तो शेजाऱ्याच्या जीपमधून आला; जीप शेजारीच चालवत होता. केस पार पांढरे झाले होते त्याचे. मी म्हणालो, “दादा, त्या दिवशी मी...”

“आधी पाय सरळ ठेव,” तो म्हणाला. मग जीपमध्ये माझं डोकं मांडीवर घेऊन हळूच बोलला, “चुकलं माझंबी. आई जाईन असं वाटलंच नाही रे मले. म्हणून तुले सांगाले उशीर केला.”

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी आम्ही दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. ‘आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर,’ या अर्थाच्या ओळीशी मी थांबलो. दादाने माझा हात धरून ती पुरी केली. दादाला बदल, असं मी इतकी वर्षं देवाला सांगत होतो. माझ्यात काय बदलायला हवं, हे एकदाही विचारलं नव्हतं. देवाला आपल्या मर्जीप्रमाणे वळवायला प्रार्थना नसते, त्याच्या हाती आपण वळावं म्हणून असते, हे मला त्या खाटेवर कळलं.

नाताळला आम्ही दोघं भाऊ त्या बाईकडे फराळ घेऊन गेलो. ती हसली. “म्या काय केलं? फोनच तं लावला.”

पाय अजून थोडा लंगडतो. तो बरा व्हावा असं मी प्रभूला सांगतो, आणि पुढचं त्याच्यावर सोपवून आभार मानतो.