हार्ड डिस्कचा डबा उघडताना

दुकानात धूळ आणि किस्से एकाच वेगानं साचतात. धूळ निदान ब्लोअरनं उडते! म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये मी आणि माझा चुलतभाऊ वसंता कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ज्या केसमध्ये असते, तिला आमची गिऱ्हाइकं 'डबा' म्हणतात. आता आम्हीही तेच म्हणतो.

*

एका निवृत्त प्राध्यापकांचा डबा आला. वसंता स्क्रू शोधायला बसला. रबरी पाय उपटले, स्टिकर खरवडला, भिंग लावलं. प्राध्यापक शांतपणे कॉफी पीत बघत होते. अर्ध्या तासानं म्हणाले, "बाजूला बाण आहे की. झाकण तिकडं सरकवलं की उघडतो."

"मग आधी का नाही सांगितलंत, सर?"

"मला वाटलं, तुमची काही पद्धत असेल!"

*

विजयनगरच्या एका काकांची तक्रार : डिस्क नुसती टिकटिक करते. त्यांच्या केबलला कॉम्प्युटरकडच्या टोकाला दोन यूएसबी पिना असायला हव्यात, वीज पुरावी म्हणून. पाहतो तर एकच!

"काका, दुसरी कुठंय?"

"ऐयो, ती जास्तीची होती. कापली." आणि खिशातून काढून दाखवली. "जपून ठेवलीय मात्र!"

*

पुण्याहून नोकरीला आलेल्या एका इंजिनिअर बाईंना वसंतानं भरपूर ज्ञान पाजलं. डब्यात दोनच वस्तू : डिस्क, आणि तिला यूएसबीशी जोडणारी छोटी पट्टी. पट्टी बदलली की काम फत्ते! मग डबा उघडला. पट्टीच नव्हती. यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्याच बोर्डावर सोल्डर केलेलं.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता मघाचं सगळं विसरा, मॅडम."

*

यंदा दसरा झाला आणि शांताक्का आल्या. सोसले गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वर्षापूर्वी गेले. त्यांचा आवाज असलेला एकुलता एक व्हिडिओ डब्यात, आणि डबा कॉम्प्युटरला दिसेना.

"बाकीचं गेलं तर जाऊ दे रे. तेवढा व्हिडिओ स्वल्प बघ, जरा बघ."

वसंतानं ह्या वेळी आधी बाण शोधला.

उघडला. डिस्क ठीक, पट्टी ठीक. यूएसबीच्या तोंडात मात्र लालभडक! आयुधपूजेला आमच्या म्हैसूरात स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. आक्का डब्यालाही लावायच्या. यंदा जरा सढळ हातानं.

"हे आत आहेत ना!" त्या म्हणाल्या.

ब्रशनं झाडलं, स्पिरिटनं पुसलं, जोडलं. व्हिडिओ लागला. त्यातही आयुधपूजाच! स्क्रीनवर आक्का वाकून ह्याच डब्याला कुंकू लावताहेत आणि कॅमेऱ्यामागून यजमान ओरडताहेत, "शांते, तोंडात नको! वरती लाव, वरती! किती वेळा सांगायचं?"

आक्का म्हणाल्या, "परत लाव."

सात वेळा लावला. सातही वेळा ते ओरडले, आणि सातही वेळा आक्का म्हणाल्या, "होय हो, ऐकलं."